बिल निघालं का?

सरकारी नोकरीत महिन्याचा शेवटचा आठवडा सुरू झाला की एकच प्रश्न ऐकू येतो : बिल निघालं का? तो प्रश्न ज्या टेबलासमोर उभं राहून विचारतात, त्या टेबलामागे मी नोकरी केली. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतली ग्रामीण रुग्णालयं, तीस खाटांची. १९९१ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, २०२४ मध्ये सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधे बदल्या झाल्या, गावं बदलली, वैद्यकीय अधीक्षक तर इतके आले आणि गेले की काहींची नावंही आता आठवत नाहीत. टेबल मात्र तेच राहिलं : आस्थापना आणि लेखा.

या टेबलावरून सरकारी पैसा कसा दिसतो ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. बाहेरच्या माणसाला एक तर ‘आता सगळं ऑनलाइन झालंय ना’ एवढंच माहीत असतं, नाहीतर ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढंच.

राज्याच्या वित्त विभागाखाली लेखा व कोषागारे संचालनालय आहे. जिल्ह्यातलं कोषागार, तालुक्यातलं उपकोषागार आणि आमच्यासारखी हजारो कार्यालयं यांना जोडणारा संगणकाचा पसारा ते सांभाळतं. त्यांचं मुंबईतलं कार्यालय मी कधी पाहिलं नाही. माझ्या लेखी ते ‘महाकोष’ नावाच्या संकेतस्थळावर राहायचं. त्यावर एकेका कामाची वेगळी प्रणाली : पगारासाठी सेवार्थ, निधीसाठी बीम्स, सरकारी भरण्यासाठी ग्रास, वेतनपडताळणीसाठी वेतनिका, पेन्शनसाठी निवृत्तिवेतनवाहिनी. घर घेताना ज्यांनी मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरलं असेल, त्यांच्या चलनावर ‘एमएच’पासून सुरू होणारा लांबलचक क्रमांक असतो, तो ग्रासचाच. म्हणजे या पसाऱ्याशी तुमचाही कधी ना कधी संबंध आलेला आहे.

संगणक नव्हता तेव्हा पगारबिल म्हणजे टेबलभर पसरणारा कागद. डावीकडे नावं, मग मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडं, आणि उजवीकडे कपातींची रांग : भविष्य निर्वाह निधी, गटविमा, व्यवसायकर, सोसायटी. आडवी बेरीज आणि उभी बेरीज खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत एक आली पाहिजे. ती येईपर्यंत घरी जायचं नाही. बिल तयार झालं की तहसीलच्या आवारातल्या उपकोषागारात. तिथे टोकन मिळायचं, आणि मग आक्षेपाची वाट बघायची. बऱ्याचदा आक्षेप रास्त असायचा. कधीकधी मात्र तो बिलावर नसून बिल आणणाऱ्यावर असायचा. कोषागारातल्या कुणाच्या सासूबाईंना आमच्या दवाखान्यात दोन तास बाकावर बसावं लागलं असेल, तर त्याची वसुली आमच्या प्रवासभत्त्याच्या बिलातून व्हायची. उलटही व्हायचं. डॉक्टरांनी कुणाचा ताप नीट बघितला, की बिल त्याच दिवशी पास. तालुक्याला हे सगळं ठाऊक असे, त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे.

पास झालेल्या बिलाची रोकड बँकेतून आणायला मी आणि शिपाई जायचो. वेतनपटावर रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर सही किंवा अंगठा. आमच्या एका सफाईगाराची बायको पगाराच्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी उभी असायची, नवरा गुत्त्याकडे वळायच्या आत. पुढे पगार बँकेत जमा व्हायला लागला तेव्हा मला पहिली काळजी तिची वाटली. ती वायाच गेली. तिनं एटीएम कार्डच स्वतःकडे ठेवून घेतलं.

२०१२च्या आसपास आमच्याकडे सेवार्थ आलं. मी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती आणि माऊस उजव्या हाताने धरायचा की कसा इथपासून सुरुवात होती. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षण झालं, परत आल्यावर सगळ्यांची सेवापुस्तकं बाहेर काढली. जन्मतारीख, रुजू दिनांक, भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक, बँकेचा तपशील. प्रत्येकाचा एक सेवार्थ आयडी तयार झाला, अकरा अक्षर-आकड्यांचा. आमच्या एका सिस्टरना स्वतःचा मोबाइल नंबर कधी धड सांगता आला नाही, पण सेवार्थ आयडी त्या झोपेतही सांगतील. १ नोव्हेंबर २००५ला किंवा त्यानंतर लागलेल्यांची वजावट वेगळी, कारण त्यांना तेव्हा जुनी पेन्शन नव्हती, त्यांची अंशदायी योजना होती. हे सगळं प्रणालीला एकदा सांगितलं की पुढच्या महिन्यापासून तिला आठवतं. महागाई भत्त्याचा दर बदलला, की पानभर गुणाकार करायला लागत नाहीत. ३० जानेवारी २०१९ ला सातव्या वेतन आयोगाचे नियम निघाले तेव्हा मला पाचव्या आयोगाच्या वेळची रात्रीची जागरणं आठवली. आकडेमोडीची ती दहशत गेली ती गेलीच.

पण दहशत जाते म्हणजे नक्की कुठे जाते? माझ्या अनुभवात ती बेरजेतून निघून शासन निर्णयात जाऊन बसली.

जुन्या बिलात आम्ही माणसं लिहायचो. सेवार्थ आधी पद विचारतं. शासनानं मंजूर केलेलं पद प्रथम प्रणालीत उभं करायचं, ते स्थायी की अस्थायी ते सांगायचं, आणि मग त्या पदावर माणूस बसवायचा. अस्थायी पदाला शेवटची तारीख असते. सप्टेंबर किंवा फेब्रुवारी संपताना ती तारीख येते आणि मंत्रालयातून मुदतवाढीचा शासन निर्णय निघावा लागतो. तो निघाला नाही तर पद पुढच्या महिन्याच्या बिलात येत नाही. पद नाही म्हणजे त्यावरचा माणूस नाही. माणूस मात्र रोज येतो, रात्रपाळी करतो, स्ट्रेचर ओढतो.

आमच्याकडे एक कक्षसेवक होता, नोकरीला वीस वर्षं होऊन गेलेली, कायम झालेला. मुदतवाढीचा कागद लांबला त्या महिन्यात इतरांचे पगार झाले, त्याचा आणि आणखी चौघांचा राहिला. तो टेबलाशी आला.

“मॅडम, मी पर्मनंट आहे ना?”

“आहेस की.”

“मग पगार का नाही?”

“तू पर्मनंट आहेस. तुझी पोस्ट टेम्पररी आहे.”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मलाच ते वाक्य परत उच्चारवेना. त्याच्या पतसंस्थेचा हप्ता पाच तारखेला होता. पतसंस्थेला पद आणि माणूस यांतला फरक सांगून उपयोग नव्हता. मग मी सकाळी आल्या आल्या शासनाच्या संकेतस्थळावर आरोग्य विभाग निवडून निर्णय आला का ते बघायचे. शासन निर्णयावर एक लांब संगणक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे तारीख. यादीत वरचे आठ आकडे आजचे दिसले की काळजाचा ठोका वाढायचा आणि उघडल्यावर तो दुसऱ्याच विषयाचा निघायचा. शेवटी आला. पदांची मुदत वाढवली, पुरवणी बिल काढलं. तोवर त्याचे मेहुण्याकडून उसने पैसे घेऊन झाले होते.

जुन्या काळी काय झालं असतं? हाच नियम तेव्हाही होता. उपकोषागारातले भाऊसाहेब म्हणाले असते, मुदतवाढ येईलच, पुढच्या बिलाला जोडा. बिल पास झालं असतं. प्रणाली ‘येईलच’ हा शब्द घेत नाही. त्यामुळे मला ती आवडते आणि त्याचसाठी तिचा रागही येतो.

बीम्सचं तसंच. पूर्ण नाव मोठं आहे, काम सोपं : अर्थसंकल्पात मंजूर झालेला पैसा कुठल्या विभागाला, कुठल्या नियंत्रक अधिकाऱ्याला आणि शेवटी कुठल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याला किती दिला, हे बीम्सवर दिसतं. आहरण व संवितरण अधिकारी म्हणजे ज्याच्या सहीनं सरकारी पैसा काढता येतो तो. आमच्याकडे वैद्यकीय अधीक्षक. बिल करताना बीम्स शिल्लक तपासतं, तेवढी रक्कम वजा करतं आणि प्राधिकारपत्र देतं. ते प्राधिकारपत्र बिलाला जोडल्याशिवाय कोषागार बिल हातात घेत नाही. पूर्वी निधीचं पत्र टपालानं यायचं, खर्चाची नोंद प्रत्येक जण आपापल्या वहीत ठेवायचा, आणि वर्षाअखेर या वह्या एकमेकींशी बोलायला लागल्या की मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाल्याचं कळायचं. लेखा लिपिक परीक्षेचा अभ्यास करताना मी राज्यघटनेचा २६६ वा अनुच्छेद पाठ केला होता : कायद्यानं ठरल्याशिवाय संचित निधीतून पैसा काढता येत नाही. परीक्षेत तो दोन गुणांचा होता. बीम्सच्या पडद्यावर ‘निधी अपुरा’ अशा अर्थाचा लाल शब्द पहिल्यांदा आला तेव्हा तो अनुच्छेद दोन गुणांपेक्षा मोठा आहे हे कळलं.

आमचं मुख्य शीर्ष २२१०, वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. त्याच्या पोटात ग्रामीण आरोग्य सेवा, त्याच्या पोटात रुग्णालयं, आणि सगळ्यात शेवटी उद्दिष्ट शीर्ष, म्हणजे पैसा नेमका कशासाठी : ०१ वेतन, ०६ दूरध्वनी-वीज-पाणी, १३ कार्यालयीन खर्च, २१ साहित्य व पुरवठा, २४ पेट्रोल-तेल-वंगण. हे आकडे घरातल्या डब्यांसारखे माझ्या हाताला सवयीचे झाले होते, न बघता सापडायचे. पण एका डब्यातलं दुसऱ्यात ओतायची परवानगी नव्हती.

एका पावसाळ्यात २४ संपलं. रुग्णवाहिकेला डिझेल नाही. आमच्या तालुक्यातून जिल्हा रुग्णालय लांब, अडलेल्या बाईला पुढे पाठवायचं तर गाडी हवीच. १३ मध्ये पैसे पडून होते, स्टेशनरी आणि झेरॉक्सचे.

“पैसे आहेत ना? मग त्यातून भरा,” अधीक्षक म्हणाले. सर्जन माणूस, सरळ विचार करणारा.

“सर, ते कार्यालयीन खर्चाचे आहेत.”

“रुग्णालयाचं कार्यालय रुग्णासाठीच आहे.”

वाक्य चुकीचं नव्हतं. पण एका शीर्षाचा पैसा दुसऱ्या शीर्षावर नेणं म्हणजे पुनर्विनियोजन, ते अधिकार वर. मी मागणीपत्र लिहिलं, उपसंचालक कार्यालयाला ईमेल केली, फोन केले. तोवर पंपवाल्यानं उधारीवर डिझेल दिलं. त्याची वही मी पाहिली आहे. सरकारी रुग्णालयाचं पान त्यात वेगळं होतं आणि ते कधीच कोरं नसे. राज्याची वित्त व्यवस्था ऑनलाइन आहे असं कुणी म्हणालं की मला त्या वहीची आठवण होते. प्रणालीत जेव्हा निधी नसतो तेव्हा गावात कुणीतरी उधार देत असतो, आणि ते कुठल्याच लेखाशीर्षात दिसत नाही.

तरीही मी जुन्या दिवसांकडे परत जा असं म्हणणार नाही. सरांनी त्या पावसाळ्यात १३ मधून डिझेल भरलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या कुणी २४ मधून खुर्च्या घेतल्या असत्या. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून लिहिते.

मार्चअखेर हा तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय. वर्षभर थेंब थेंब येणारा निधी मार्चच्या शेवटच्या दिवसांत एकदम येतो, आणि ३१ तारखेच्या रात्री बारापर्यंत खर्ची पडला नाही तर व्यपगत होतो. शब्द संस्कृत आहे म्हणून शांत वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की ज्यानं ऑक्टोबरमध्ये ऑटोक्लेव्ह आणून बसवला, त्या पुरवठादाराला पुढच्या वर्षीच्या निधीची वाट बघायला लागते, आणि तो पुन्हा या तालुक्यात माल द्यायला तयार होत नाही.

मला सगळ्यात चांगली आठवते ती एका डॉक्टर मॅडमांच्या कारकिर्दीतली ३१ मार्च. त्या अधीक्षक म्हणून नव्या आल्या होत्या, पस्तिशीच्या आत. पहिल्याच आठवड्यात मी नेहमीप्रमाणे विचारलं, “मॅडम, तुमचा बीम्सचा पासवर्ड कुठे लिहून ठेवू?” त्या म्हणाल्या, “कुठेच नाही. मीच टाकणार.” मला वाटलं, आठवडाभर टिकेल. टिकलं. प्रत्येक बिलाला विचारायच्या, हे शीर्ष काय, हा पैसा कशाचा, दर कुठून आला. सुरुवातीला मला कटकट वाटली, नंतर मीच कागद नीट लावून ठेवायला लागले.

त्या ३१ मार्चला संध्याकाळी वरच्या कार्यालयातून फोन आला, यंत्रसामग्रीचा निधी पडलाय, बघा. नेट हळू, पडदा अर्धा उघडून थांबायचा. बिल तयार केलं, पुढे पाठवलं, आता मॅडमनी मंजूर करायचं. मॅडम प्रसूतिगृहात. मी दाराशी जाऊन सिस्टरकडे निरोप दिला. आतून उत्तर आलं, “डोकं दिसतंय, थांबा.” मी थांबले. कोषागाराचे भाऊसाहेब फोनवर विचारत होते, येताय का, की रांग बंद करू. बाळ झालं, मुलगी. मॅडम गाऊनवरच टेबलाशी आल्या, हात पुसले, पासवर्ड टाकला, रक्कम वाचली, पुरवठादाराचं खातं बिलाशी ताडून बघितलं, आणि मगच बटण दाबलं. मी प्रिंट, सही, शिक्का घेऊन शिपायाच्या मोटारसायकलवर उपकोषागारात. तिथे बांधकामवाले, वनखातं, शाळावाले, सगळे होते. टोकन मिळालं. ऑटोक्लेव्हवाल्याचे पैसे त्या वर्षी झाले.

दुसऱ्या ठिकाणच्या एका अधीक्षकांचा पासवर्ड भिंतीवरच्या कालनिर्णयच्या कोपऱ्यात लिहिलेला असायचा. दर काही दिवसांनी बदलावा लागला की आधीचा खोडून खाली नवा. त्यांना मी पूर्ण दोष देत नाही. बाह्यरुग्ण विभागात दोनशे माणसं बसलेली, शवविच्छेदन वेगळं, कोर्टाची साक्ष वेगळी. माणसानं डॉक्टर व्हायचं आणि शिवाय लेखाधिकारीही व्हायचं, ही अपेक्षाच अवघड आहे. पण प्रणाली बनवणाऱ्यांनी दोन दारं मुद्दाम ठेवली आहेत : लिपिकानं तयार करायचं, अधिकाऱ्यानं तपासून पुढे पाठवायचं. दोन्ही किल्ल्या एका हातात आल्या की तपासणारा उरतच नाही. मी कागदावर सही घेतल्याशिवाय कधी बटण दाबलं नाही, पण तो माझा स्वभाव झाला. प्रणालीचं रक्षण माझ्या स्वभावावर अवलंबून असणं बरं नव्हे.

माझं स्वतःचं पेन्शन प्रकरण सुरळीत झालं. सेवापुस्तक वेतनपडताळणी पथकाकडे जाऊन आलं, प्रकरण नागपूरच्या महालेखापालांकडे गेलं, मराठवाड्याची प्रकरणं तिकडेच जातात. मंजुरी आल्यावर ओळख पटवायला कोषागारात बोलावलं. खिडकीच्या अलीकडे उभी राहिले तेव्हा आतली मुलगी म्हणाली, “काकू, सही अशीच करता ना नेहमी?” इतकी वर्षं त्या इमारतीत माझ्या सहीला कुणी विचारलं नव्हतं. पगार थांबला आणि पेन्शन सुरू झाली, मधे एकदाही कुणाला ‘बिल निघालं का’ विचारावं लागलं नाही. ही व्यवस्था चालते, हे मी पेन्शनर म्हणून सांगू शकते.

परवा जुन्या रुग्णालयात गेले होते, हयातीच्या दाखल्याची चौकशी करता करता. माझं पद रिकामंच आहे. टेबलावर एक कंत्राटी संगणकचालक बसतो, पंचविशीचा, हुशार, दोन खिडक्या एकाच वेळी उघडून काम करतो. सेवार्थवर सगळ्या रुग्णालयाचं पगारबिल तोच काढतो. लिपिकाचा पासवर्डही त्याच्याकडे, अधिकाऱ्याचाही त्याच्याकडे. त्याचं स्वतःचं नाव मात्र त्या बिलात नाही, कारण कंत्राटी माणूस सेवार्थवर येत नाही. त्याचा पगार एजन्सी देते, एजन्सीचं बिल १० कंत्राटी सेवा या शीर्षातून निघतं, आणि त्या शीर्षात निधी कधी येईल ते कुणी सांगत नाही. त्याला तीन महिने पैसे मिळाले नव्हते. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बँक खात्यांचे आकडे समोर उघडे आणि खिशात बसचे पैसे नाहीत, अशा जागी आपण एका पोराला बसवलं आहे. तो प्रामाणिक आहे. त्याच्या प्रामाणिकपणावर ही जोखीम किती काळ ठेवायची?

तालुक्यातालुक्यात आहरण व संवितरण अधिकारी म्हणून सह्या करणाऱ्या डॉक्टरांना, प्राचार्यांना, अभियंत्यांना माझं एवढंच सांगणं आहे : तुमचा पासवर्ड तुम्हीच टाका, रक्कम आणि खातं वाचून टाका, आणि १० कंत्राटी सेवाचं मागणीपत्र मार्चची वाट न बघता आजच वर पाठवा.